ब्यूरमनची तांब्याची गोळी

आमच्या घरात बंदुकीच्या गोळ्यांविषयी सगळ्यांत जास्त माहिती माझ्या नवऱ्याला आहे, आणि तो अंडंसुद्धा खात नाही. हे मी माहेरी सांगितलं तेव्हा माझी आई फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. कोल्हापूरच्या मुलीने पुण्याचा वरणभात नवरा म्हणून करून घेतला यावर तिचा आधीच राग होता, त्यात हे.

आम्ही आर्नहेमच्या बाहेर, जंगलाच्या कडेच्या एका गावात राहतो. दोघांची ऑफिसं शहरात, सायकलने जाण्याजोगी. शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक राहतात. इथे डच भाषेत शेजाऱ्याला ब्यूरमन म्हणतात आणि शेजारणीला ब्यूरव्राउ. आम्ही पहिल्या दिवसापासून एकमेकांना याच नावांनी हाक मारत आलो, आणि आता खरी नावं वापरली तर दोघांनाही काहीतरी बिनसलंय असं वाटेल.

ब्यूरमन शिकारी आहेत. रीतसर परवाना, घरात पोलादी तिजोरी, ती तपासायला येणारे पोलीस, सगळं कायद्यात बसलेलं. जंगलातली रानडुकरं आणि हरणं फार वाढली की शेतं आणि रस्ते दोन्ही धोक्यात येतात, म्हणून दरवर्षी काही मारावी लागतात, आणि ते काम त्यांच्यासारख्या लोकांकडे असतं. पूर्वी ते मांस आणायचे आणि त्यांची बायको शिजवायची. ती गेल्यावर ते मांसाचं पुडकं घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मला मारता येतं, शिजवता येत नाही." तेव्हापासून मी शिजवते, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही तिघं जेवतो. मी आणि ते सुक्कं आणि रस्सा, नवरा आपला डबा घेऊन. त्यांची मुलं लांब, फोनवर. समोर कुणीतरी बसलंय असं त्यांचं हे एकच जेवण होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

मग मला दिवस गेले. मिडवाइफने, म्हणजे इथल्या सुईणीने, काय खायचं नाही ते सांगताना सहज विचारलं, "शिकारीचं मांस खाता का?" मी अभिमानाने हो म्हटलं. ती म्हणाली, शिशाच्या गोळीने मारलेलं असेल तर नको. शिसं मऊ असतं, आत शिरल्यावर फुटतं, आणि त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात. मोठ्यांचं चालून जातं, पोटातल्या बाळाला नको.

ऑगस्ट चालू होता. त्याच आठवड्यात ब्यूरमननी एक रे मारलं होतं. रे म्हणजे आपल्या भेकराएवढं छोटं हरीण. मांस अगदी कोवळं, आणि माझा जीव त्याच्यावर. घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, आता त्यांना कसं सांगायचं? तो म्हणाला, "त्यात काय? श्रावण आहे म्हणून सांग." पुणेरी डोकं. भांडण नको, खोटंही फार नको, पंचांगावर ढकलून मोकळं व्हायचं.

ब्यूरमननी श्रावण म्हणजे काय ते शांतपणे ऐकून घेतलं. कधी संपतो ते विचारलं. मग म्हणाले, "गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या अंगणात सगळ्यात जास्त तूच खाल्लं होतंस."

नवरा अचानक त्यांच्या फरशीचं निरीक्षण करू लागला. मला हसूही येईना आणि रागही धरवेना, शेवटी मी सगळं सरळ सांगून टाकलं. बाळाचं, शिशाचं, मिडवाइफचं. मला वाटलं होतं ते आधी बाळाबद्दल बोलतील. त्यांनी मात्र विचारलं, "मग माझ्या बायकोने इतकी वर्षं काय खाल्लं?"

ती हृदयविकाराने गेली होती, शिशाशी त्याचा काही संबंध असेल असं कुणीच म्हटलं नव्हतं, पण ते वाक्य तेव्हा तोंडातून निघेना. आम्ही घरी आलो आणि मी रडले. एका माणसाकडे जेवायला नाही म्हणणं इतकं जड जाईल असं मला वाटलं नव्हतं.

पुढचे काही दिवस ते दिसले की हात वर करायचे, पण घंटी वाजवली नाही. मग एका शनिवारी वाजवली. मी दार उघडलं तर ते माझ्याशी न बोलता माझ्या मागे बघत म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला आकडेमोड येते ना? त्याला मला उसना दे."

शिसं नसलेल्या गोळ्या बाजारात होत्याच, सबंध तांब्याच्या. त्यांनी त्या कधी घेतल्या नव्हत्या, कारण त्यांची बंदूक जुनी होती आणि शिशाच्या एकाच प्रकारच्या गोळीवर त्यांनी रे, रानडुक्कर, सगळं भागवलं होतं. आता बदलायची तर पुन्हा पहिल्यापासून नेम जुळवायला हवा. त्यांनी आपली अटही तिथेच सांगितली. तांब्याच्या गोळीने नेम बसला नाही तर बंदूक कायमची जमा करायची. शिसं पुन्हा नाही, आणि जनावर जखमी होऊन पळून जाईल असा बारही नाही. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुम्ही हे सगळं सोडणार?" ते म्हणाले, "मी अजून काहीच सोडलेलं नाही."

शूटिंग रेंजवर मला जायला बंदी. आवाज, धूर, सगळंच बाळाला वाईट. म्हणून गेला नवरा. कानांवर मोठे हेडफोन घालून, दुर्बिणीतून लांबच्या कागदावरची भोकं बघायला. ज्या माणसाला मासळीबाजाराच्या वासाने गरगरतं, तो दर शनिवारी डबा घेऊन शिकाऱ्यांमध्ये जाऊन बसू लागला.

पहिली गोळी त्यानेच निवडली, आणि ती साफ चुकली. त्याचं गणित असं की रानडुक्कर सगळ्यात दणकट, तेव्हा सगळ्यात जड गोळी घ्यावी, तीच हरणालाही चालेल, प्रश्न मिटला. कागदावरची भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली. ब्यूरमननी त्याला काही बोल लावला नाही, पण त्या संध्याकाळी टेबलाशी बसवून समजावलं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या नळीतल्या आट्यांना तिला नीट फिरकी देता येत नाही, म्हणून नेम ढळतो. शिवाय तांबं कठीण. ते वेगात आदळलं तरच टोकाशी फुलासारखं उमलतं. जड गोळी हळू जाते, रेच्या पातळ अंगातून सुईसारखी आरपार निघते, आणि ते बिचारं कुठेतरी झुडपात जाऊन तडफडत मरतं.

"मग रेला काय हवं?" मी विचारलं. मी चहा करत होते, पण कान तिकडेच होते.

"हलकी, वेगवान, कातडीच्या आत गेली की लगेच उमलणारी," ब्यूरमन म्हणाले. "डुकराला ती चालणार नाही. त्याची कातडी जाड, वर चिखल वाळलेला, आत चरबी. तिथे गोळी फुटून चालत नाही, एकसंध राहून खोल जायला हवी."

"आणि मोठी हरणं?" नवऱ्याने विचारलं. इथल्या जंगलात सांबराएवढी तांबूस हरणं असतात.

"ती आता तरुणांनी मारावीत. मला दोन गोळ्या शोधून दे, तेवढं पुरे."

झालं. नवऱ्याच्या अंगात आलं. ऑफिसातून आला की गोळ्यांचे वेग, टोकांचे आकार, कुठल्या अंतरावर किती जोर उरतो, याचा काथ्याकूट सुरू. मी एकदा वैतागून म्हटलं, पाळण्यासाठी एवढा अभ्यास केला असतास तर तो एव्हाना घरात आला असता. पण खरं सांगते, त्याला असा कुणासाठी झटताना बघून मला फार बरं वाटत होतं. परक्या देशात आपलं माणूस म्हणावं असं आम्हाला एकच घर होतं, आणि ते त्यालाही हवं होतं.

रेची गोळी लवकर सापडली. डुकराची काही केल्या जमेना. एका कंपनीची घेतली, दुसरीची घेतली, भोकं जवळ येतच नव्हती. पानं गळून गेली, माझं पोट टेबलाला लागायला लागलं, आणि ब्यूरमन एकदा म्हणाले की फक्त रेवर समाधान मानावं, नाहीतर सगळंच बंद करावं. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी घाबरले.

तेव्हा नवरा चाचरत म्हणाला, "नळी साफ केली तर?"

ब्यूरमन लालबुंद झाले. उभं आयुष्य दर शिकारीनंतर बंदूक पुसणाऱ्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे माझ्या आईला तांदूळ निवडायला शिकवणं. पण नवरा मागे हटला नाही. वरवर पुसणं वेगळं, म्हणाला. शिशाच्या गोळीवर तांब्याचं पातळ आवरण असतं, त्याचा थर वर्षानुवर्षं आत चिकटून बसतो, त्याला वेगळं औषध लागतं. दुसऱ्या दिवशी ब्यूरमन स्वतःच आमच्याकडे आले. हातात चिंध्यांचा ढीग, प्रत्येक चिंधी निळीजांभळी. नळीतून तेवढा मळ निघाला होता. माफी वगैरे मागितली नाही, नवऱ्याच्या खांद्यावर एक थाप मारली.

पुढच्या शनिवारी भोकं एवढी जवळ पडली की सगळ्यांवर मिळून एक बिस्किट झाकलं असतं. नवऱ्याने रेंजवरूनच कागदाचा फोटो पाठवला. मी तो आईला पाठवला. तिने विचारलं, हे जावईबापूंनी मारलं का?

डिसेंबरमध्ये त्यांनी एक रानडुक्कर पाडलं. एकच बार, जागच्या जागी. मांसाची ठरलेली तपासणी होऊन आल्यावर मी त्यांच्या बायकोच्या जाड बुडाच्या पातेल्यात ते शिजवलं. आईने पाठवलेलं तिखट, सुकं खोबरं, खसखस. पोट सावरत सगळं केलं. पानं वाढून झाली, तशी ब्यूरमननी खिशातून काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. ती गोळी होती. पलीकडच्या बाजूच्या कातडीखाली अडकलेली सापडली होती. धुऊन चकचकीत केलेली, टोकाशी उमलून चार पाकळ्या मागे वळलेल्या.

"वजन कर," ते नवऱ्याला म्हणाले.

नवरा धावत जाऊन आपला कॉफी मोजायचा काटा घेऊन आला. ब्यूरमननी गोळ्यांची रिकामी डबी शेजारी ठेवली, वजन छापलेली बाजू वर करून. काट्यावरचा आकडा आणि डबीवरचा आकडा एकच होता. नवऱ्याने ती दोनदा उचलून पुन्हा ठेवली. तोच आकडा. म्हणजे गोळी जशी आत गेली तशीच सबंध बाहेर आली होती, मांसात तिचा कणही राहिला नव्हता.

ब्यूरमननी वाकून तो आकडा स्वतः वाचला. "तिने जे खाल्लं त्याचं आता मी काही करू शकत नाही," ते म्हणाले. "तू खा."

मला त्यांना सांगायचं होतं की तिने तुम्ही प्रेमानं आणलेलं खाल्लं, आणि तुम्हाला माहीत नव्हतं. ते या वेळी मी सांगितलं, माझ्या मोडक्या डचमध्ये, डोळे पुसत. त्यांनी मान हलवली, पण जेवायला लागले नाहीत. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. रस्सा झणझणीत झाला होता. मी ताट पुढे करून नवऱ्याला म्हटलं, "अजून वाढ." त्याने पातेल्यात डाव घातला, नाक मुरडायचं विसरून, आणि माझं ताट पुन्हा भरलं. तेव्हा कुठे ब्यूरमननी आपला काटाचमचा हातात घेतला.