बऱ्या झालेल्या पोटरीचं ऑपरेशन

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटरीवरची गाठ देवणीच्या डॉक्टरांनी काढली. टाके निघाले, जखम भरली, अण्णा बैलांमागं चालायलाही लागले. मग गाठीचा रिपोर्ट आला. घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर, क्वचित कुणाला होणारा. लातूरच्या सर्जननी सांगितलं, तीच जागा पुन्हा कापायची, आणखी रुंद, आणखी खोल. वर मांडीची पातळ कातडी लावायची.

"हितं आता हाय काय कापायला?" अण्णांनी धोतर वर करून पोटरी दाखवली. "चांगल्या कापडाला ठिगळ लावता व्हय?"

घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. बँक असो, तहसील असो, बोलायला मीच. त्यामुळं समजावणंही माझ्याकडं आलं. नांदेडहून गावी येताना बसमध्ये मोबाइलवर बरंच वाचलं होतं, तरी अडखळलो. शेवटी म्हणालो, "अण्णा, हराळी उपटली तरी मुळ्या राहतात ना? भोवतालची माती उकरावी लागते. तसंच हे."

"मग गेली का आपली हराळी? दरसाली उकरून राहिलो मी."

आई मधेच म्हणाली, "घामाचा रोग हाय तर रानात जाऊच नका."

"मग समदं गावच दवाखान्यात पायजे की!"

आईला चूक म्हणावं, तर बरोबर काय ते मला कुठं ठाऊक होतं?

सर्जनसमोर अण्णांनी सरळ विचारलं, "असलं किती कापलंत तुम्ही?"

"हे दुसरं," ते म्हणाले.

हैदराबादला न्यावं, असं मनात येतंय तोवर अण्णा बोलून गेले, "कापा."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "दुसरंच म्हणाले ते, ऐकलं ना?"

"म्हणून तर. शंभर म्हणला असता तर कोण मोजाया जाणार व्हतं? खोटं बोलणारा न्हाई ह्यो."

हे शहाणपण होतं का हट्ट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑपरेशन झालं. कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कडेला कॅन्सर सापडला नाही. तरीही तपासणीला येत राहा, असं सर्जन म्हणाले.

"समदं निघालंय तर यायचं कशाला?"

"काही नाही ना, ते बघायला," मी म्हणालो.

अण्णांनी धोतर वर करून पोटरी पुन्हा बघितली.