जॉबरकाकांचा अभ्यासक्रम

जॉबरकाका कारखान्यात हळू बोलत आणि कारखान्याबाहेर ओरडून. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. आत सगळेच एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखत, त्यामुळे आवाज चढवण्यात अर्थ नसे. बाहेर आल्यावर मात्र आपला आवाज किती मोठा निघतोय याचा त्यांना अंदाज राहत नसे. भिवंडीतल्या धामणकर नाक्यावरच्या टपरीवर ते "दोन कटिंग" म्हणाले, की समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले वळून बघत. पण चाळीस मागांपैकी कुठला बिघडलाय हे सगळ्यांत आधी कळे ते त्यांनाच. मागाच्या लोखंडी अंगावर तळवा ठेवून ते क्षणभर उभे राहत आणि मग पाना नेमका जिथे लावायचा तिथेच लावत.

जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. त्यांचं नाव गणपत, गाव दिघाशी, शिक्षण सातवी. मी त्यांना भेटले ती माझ्या शिक्षणामुळे. वस्त्र अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन या विषयात मी मुंबईत पदव्युत्तर पदवी करत होते. दुसऱ्या वर्षी एखाद्या कारखान्याचा अभ्यास करून प्रबंध लिहायचा असे. वर्गातली बाकीची मुलं मोठमोठ्या गिरण्यांत गेली. मी भिवंडीचीच, आणि आमच्या गल्लीच्या टोकापासून मागांचे आवाज सुरू होत, तरी मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. वडील शाळामास्तर. त्यांचे एक जुने विद्यार्थी तात्याशेठ यांचा नाक्याजवळ कारखाना होता. "बाईंना पायजे ते बघू द्या," असं तात्याशेठनी जॉबरकाकांना सांगितलं आणि मी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आत शिरले.

काकांनी ते घड्याळ हातात घेऊन उलटसुलट केलं. "ही कुनाची शर्यत लावायची हाय?"

"कामाचा वेळ मोजायचाय, काका."

"मोज. पन मागात धावतोय त्या धोट्यापासून लांब उभी राहा. तो उडाला तर तुझं घड्याल बगत न्हाय."

त्या वर्षांत भिवंडीत रोज कित्येक तास वीज जायची. वीज गेली की सगळे माग एकदम गप्प होत. कारागीर बाहेर येऊन सावलीला बसत आणि काकांना बोलायला सवड मिळे. अशाच एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "बारावी झाली, वर चार वर्षं इंजिनेरिंग झालं. आता आनि दोन वर्षं तुला शिकवतात तरी काय?"

मी विषय सांगत गेले. धाग्याच्या ताकदीचं गणित, कापडाची वीण, रंगाई आणि तिचं सांडपाणी, गुणवत्तेचं संख्याशास्त्र, कारखान्याची आखणी, निर्यात, कामगार व्यवस्थापन. ते बोटांवर मोजत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ह्यात कारागीर कंच्या पेपरात येतो?"

"कामगार व्यवस्थापनात."

"किती मार्काला?"

मी वहीत विषयांची यादी शोधू लागले. त्यांनी चहा संपवला आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की रोज वीज गेली की मी त्यांना एक विषय सांगायचा. "फुकट कारखाना बगतेस. कायतरी देऊन जा," असं म्हणाले आणि खो खो हसले.

असा विद्यार्थी मला पुन्हा भेटला नाही. धागा यंत्रात ताणून, तोडून त्याची ताकद कशी मोजतात हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आमी दिसभर तो तुटू नये म्हनून मरतो. तुमी मुद्दाम तोडता होय?" चौकटीच्या कागदावर वीण कशी मांडतात हे दाखवायला मी पेन्सिल काढली, तर त्यांनी ती माझ्या हातून घेतली आणि माझ्यापेक्षा भराभर चौकटी भरल्या. एक चौकट मी चुकीची भरली होती. ती त्यांनी खोडली. न समजलेलं मान हलवून पुढे ढकलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "न्हाय शिरलं डोक्यात. परत सांग," असं ते सगळ्या कारागिरांदेखत म्हणत. मी वर्गात पाच वर्षं हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

त्यांना सगळ्यांत आवडला तो गुणवत्तेचा तक्ता. कापडात थोडेफार दोष रोज येणारच, कधी दोन जास्त, कधी दोन कमी. त्यातले नेहमीचे चढउतार कुठले आणि खरोखर काही बिघडलंय ते कुठलं, हे ओळखायला हिशेबाने एक वरची रेघ काढतात. रोजचे दोष टिंबांनी मांडायचे. टिंब रेघेच्या आत असेल तर घाबरायचं नाही, ओलांडलं तर कारण शोधायचं. हे ऐकून काकांनी बोटाने हवेत एक आडवी रेघ ओढली. मग म्हणाले, "म्हंजे रोज रोज रागवायचं न्हाय. रेघ वलांडली तरच रागवायचं."

दुसऱ्या दिवशी मी आले तर दरवाजाजवळच्या चुन्याच्या भिंतीवर निळ्या खडूची सरळ रेघ होती आणि तिच्या खाली मागच्या पाच दिवसांची पाच टिंबं. ताग्यांचे दोष ते स्वतः मोजत. आठवड्याभरात जुबेरभाई नावाचे एक वयस्क कारागीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आपने काका को क्या पढ़ा दिया? चार दिन से गाली नहीं दी."

माझा प्रबंध होता कामगारांच्या वेळेवर. दर थोड्या वेळाने फेरी मारायची आणि त्या क्षणी प्रत्येक कारागीर काय करतोय ते लिहायचं. धोट्यातली सुताची कांडी बदलतोय, तुटलेला धागा जोडतोय, की रिकामा उभा आहे. पुस्तकात रीत अशीच दिली होती. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर मी बेरजा केल्या, तर रिकामं उभं राहणंच फार दिसलं. एकेक कारागीर सहा माग बघत होता. माझ्या हिशेबाने तो आठ सहज बघू शकत होता. मी तसं सुबक अक्षरात लिहिलं आणि त्याची एक प्रत तात्याशेठना दिली.

तात्याशेठ खूश झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी काकांना बोलावून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाला आठ माग, आणि जुबेरभाई धरून दोघंतिघं कमी. हे माझ्यासमोरच झालं. माझ्या कागदावर आकडे होते. त्या आकड्यांतून जुबेरभाई घरी जातील हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं, हे सांगायला आजही लाज वाटते.

काका माझ्यावर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "जुबेर रिकामा उभा होता म्हनतेस. तवा तो कुठं बगत होता?"

"ते नाही लिहिलं."

"मंग लिव."

दोन दिवस मी जुबेरभाईंच्या शेजारी उभी राहिले. ते स्वस्थ उभे असत आणि त्यांची नजर ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या शेकडो धाग्यांवरून फिरत असे. मध्येच ते चार पावलं जात आणि एक ढिला पडलेला धागा तुटायच्या आत सावरून परत येत. मी घड्याळ सुरू करायची तोवर ते पुन्हा 'रिकामे' झालेले असत. मला दिसत होतं, पण पटवून घ्यायचं नव्हतं. प्रबंध द्यायला महिनाही उरला नव्हता. एका कंपनीत निवडही झाली होती, पदवी हातात पडताच रुजू व्हायचं होतं. "नजर मोजायची रीत पुस्तकात नाहीये, काका," मी चिडून म्हणाले.

"मंग करून बग. आठ-आठ लूम दे सगल्यांना. तुझं खरं निघालं तर मी तोंड उघडनार न्हाय."

तात्याशेठकडून त्यांनी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि तोवर कुणालाही काढायचं नाही असा शब्दही घेतला. जास्तीचे कारागीर तागे घडी करायला बसवले. पहिले चार दिवस कापड जास्त निघालं. मी भीतभीत आनंदले. काका रोज दोष मोजून टिंब काढत होते, एकही वाढवून लिहीत नव्हते. सहाव्या दिवशी टिंब रेघेवर चढलं. सातव्या दिवशी त्याच्याही वर. माणसं धावत होती, पण धागा तुटल्यावरच पोचत होती. दुसरा आठवडा संपायच्या आत व्यापाऱ्याने तागे परत पाठवले.

तात्याशेठ भिंतीसमोर येऊन उभे राहिले. "ही रेघ कुणी आखली?"

मला वाटलं, आता काका सांगतील की ह्या पोरीच्या पुस्तकी अकलेने तुमचा माल गेला. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या इंजिनेरनं. तिनं रेघ शिकवली म्हनून लवकर कललं. न्हाय तर महिनाभर माल गेला असता."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सहा-सहा माग सुरू झाले आणि जुबेरभाई आपल्या जागी गेले.

आमचे मार्गदर्शक सर मनाने वाईट नव्हते. झालेलं सगळं ऐकून ते म्हणाले, "आहे तसा प्रबंध दे. आकडे तर खोटे नाहीत. कोण भिवंडीला जाऊन बघणार आहे? नाही तर सहा महिने थांबावं लागेल." सहा महिने थांबणं म्हणजे नोकरी जाणं. मी काकांना जाऊन सगळं सांगितलं. ते एका मागाखाली आडवे झाले होते. माझे ओठ दिसावेत म्हणून त्यांनी मान बाहेर काढली.

"खाली सही कुनाची असनार? सरांची का तुझी?"

"माझी."

त्यांनी मान पुन्हा आत घातली आणि नट आवळू लागले.

मी त्या वेळी प्रबंध दिला नाही. नोकरी गेली. पुढचे सहा महिने काका शिफ्टच्या अर्धा तास आधी येत आणि नजरेच्या नोंदी कशा करायच्या ते आम्ही दोघं मिळून ठरवत असू. कारागीर कुठे बघतो, बघितल्यावर किती वेळाने हलतो, आणि त्यामुळे किती धागे तुटायचे वाचतात. पुस्तकात नव्हतं ते हळूहळू माझ्या वहीत आलं.

तोंडी परीक्षेला मी त्यांना बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. पण कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते आले आणि थेट पहिल्या बाकावर बसले. बाहेरून आलेले परीक्षक फळ्याकडे तोंड करून काहीतरी विचारू लागले तेव्हा काकांनी हात वर केला. त्यांच्या बाहेरच्या आवाजात ते म्हणाले, "सर, तोंड इकडं करा! पाठीला ओठ नसतात!" सगळं सभागृह हसलं. परीक्षक वळले, हसले आणि पुढचा सगळा वेळ काकांकडे तोंड करूनच बोलले. शेवटी त्यांनी काकांनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं या कामाबद्दल?"

"हिनं आदी चुकीचं लिवलं होतं," काका म्हणाले. "ते पन हिनं पुस्तकात ठेवलंय, फाडून टाकलं न्हाय. ते पान आदी बगा."

दोनेक वर्षांत तात्याशेठनी माग विकायला काढले. भिवंडीला लागूनच्या दापोड्याच्या जमिनीवर त्यांची गोदामं उभी राहत होती, त्यात दगदग कमी होती. भंगारवाले घण घेऊन आले. काकांनी त्यांना दारातच अडवलं. तोडायचं नाही, मी खोलून देतो, म्हणाले. गंजलेल्या नटांना तेल पाजून, एकेक खोलून त्यांनी चाळीस माग उतरवले. भंगारात सगळं वजनावरच जाणार होतं, सुटं काय आणि मोडकं काय. जुबेरभाईंनी गावी जायचं तिकीट पुढे ढकललं आणि ते काकांच्या हाताखाली राहिले. मी दोनदा जाऊन बघून आले. दोन्ही वेळा मला तिथे फार वेळ थांबवेना. दोघंही खोललेले नट डब्यात नीट लावून ठेवत होते. मग जुबेरभाई गावी गेले आणि काका दिघाशीला भावाच्या शेतावर.

मला पुढे आमच्याच महाविद्यालयात शिकवायची नोकरी लागली. पेढे घेऊन मी दिघाशीला गेले. काका बांधावर बसले होते, थोडे वाळलेले, पण तब्येतीने बरे. पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "पोरं किती हायत वर्गात?"

"वीस."

"सगली पास व्हनार?"

"होतील की. हुशार आहेत."

"हुशारच तर लवकर चुकतात," ते म्हणाले. "एखादं तरी नापास कर. तू एकदा नापास झालीस म्हनून शिकलीस. त्याच्या आदी नुसतं पाठ होतं तुला."

मी म्हटलं, बरं. त्यांनी मला रस्त्यापर्यंत सोडलं आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभे राहिले. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं. काकांच्या मुलीचा फोन आला, वडिलांनी तुमचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला होता म्हणाली.

नापास मी अजून कुणाला केलेलं नाही, तेवढा धीर माझ्यात नाही. पण ज्याचा प्रबंध पहिल्याच फेरीत बरोबर येतो, आकड्याला आकडा जुळतो आणि कुठेच काही अडत नाही, त्याला मी सही न करता परत कारखान्यात पाठवते. मुलं कुरकुर करतात. पंधरा दिवसांनी परत येतात तेव्हा बहुतेकांच्या वहीत खाडाखोड असते. मग मी सही करते.