बॅलन्स्ड प्रीअँप आणि नऊ-पन्नासचं पाणी

चार वर्षं आमच्या हॉलमध्ये एक आवाज होता. तो मला घालवायचा होता आणि शेवटी मी तो घालवला. त्याबद्दल मला अजून कुणी माफ केलेलं नाही.

आधी यंत्राबद्दल सांगतो. रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर हलवणारा मोठा अँप्लिफायर यांच्या मधे एक डबा असतो, त्याला प्रीअँप म्हणतात. आवाज कमी-जास्त होतो तो इथेच. माझा प्रीअँप मी स्वतः बनवलाय, डोंबिवलीतल्या आमच्या वन-बीएचकेच्या बाल्कनीत बसून. तो चोवीस तास चालू असतो, कारण यंत्र तापलेलं असलं की गोड वाजतं असं आमच्या पंथात मानतात. बायको या पंथातली नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या एकाही डब्याला चांगलं म्हटलेलं नाही. तिने एकदा, फक्त एकदा, दाराशी थांबून "छान वाजतंय हो" म्हणावं, एवढ्यासाठी मी किती रविवार जाळले ते सांगत नाही. हसाल.

आड येत होती ती घरघर. एरवी स्पीकरमधून बारीक गुणगुण असायची, पण दिवसातून एकदा, वेळेचा काही पत्ता नाही, अर्धा तास अशी भसाडी घरघर यायची की ख्यालामागे कुणी पिठाची गिरणी लावलीय असं वाटावं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मापनयंत्रं दुरुस्त करतो. घरातलं यंत्र मला हसतंय हे सहन होण्यासारखं नव्हतं. मी वही ठेवली. सुट्टीच्या दिवशी घरघर कधी आली, कधी गेली, तेव्हा फ्रिज चालू होता का, समोर मिक्सर चालू होता का, सगळी नोंद. एका रविवारी संशयावरून फ्रिज बंद ठेवला. दूध नासलं, घरघर आलीच. समोरच्या काकूंना मिक्सर लावू नका म्हणून विनंती केली. त्यांनी बिचाऱ्यांनी चटणी पाट्यावर वाटली, तरी घरघर आलीच. ती आली की मी मीटर घेऊन सोफ्यामागे शिरायचो. त्याच क्षणी बायको स्वयंपाकघरात का धावते, हे सोफ्यामागून दिसत नाही.

मग एक चमत्कार झाला. डबा दिवसरात्र चालू असतो म्हणून बायको विजेच्या बिलावरून जे बोलायची, ते बोलणं थांबलं. ती डबा रोज पुसायला लागली. मी कामावर जाताना आवाज बारीक करून जायचो, संध्याकाळी येऊन बघावं तर बटण वर फिरवलेलं. म्हणजे ही माझ्यामागे गाणी ऐकते! लाजते, म्हणून सांगत नाही! मी मनातल्या मनात विरघळलो आणि ठरवलं, आता हिच्यासाठी तरी घरघर घालवायचीच. प्रीअँप बॅलन्स्ड करायचा.

बॅलन्स्ड म्हणजे काय, ते सोसायटीच्या मीटिंगवरून सांगतो. साध्या जोडणीत गाणं एकाच तारेतून जातं आणि वाटेत जो कचरा शिरेल तो गाण्याचाच होऊन बसतो. बॅलन्स्डमध्ये तेच गाणं दोन तारांतून पाठवतात, एकीत सुलट आणि दुसरीत उलट. ए विंगचा माणूस आणि बी विंगचा माणूस एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध बोलतात तसं. पलीकडे एकातून दुसरं वजा करायचं. दोघांच्या बोलण्यात जे सारखं असतं, म्हणजे सेक्रेटरीला घातलेल्या शिव्या, ते वजाबाकीत उडून जातं आणि मूळ मुद्दा उरतो. घरघर ही त्या शिव्यांसारखी, दोन्ही तारांत सारखीच शिरते.

सहा महिने लागले. डब्याचा मागचा पत्रा बदलला, तीन पिनांची सॉकेटं बसवली, उल्हासनगरहून छोटे ट्रान्सफॉर्मर आणले, पलीकडच्या अँप्लिफायरचंही पोट फाडलं. एका शनिवारी संध्याकाळी शेवटची तार जोडली. स्पीकरला कान लावला. काही नाही. इतकं काही नाही की मला माझ्याच नाकाचा आवाज ऐकू आला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी बायकोच्या भाचीचं केळवण होतं. पंधरा माणसं जेवायला यायची होती. सकाळपासून मी रेकॉर्ड लावून, आता ही येईल आणि म्हणेल, अशी वाट बघत बसलो. ती आली. पदराला हात पुसत स्पीकरकडे बघितलं आणि परत गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली.

"अहो, आज अजून आली नाही?"

"कोण?"

"घरघर."

"येणारच नाही आता," मी छाती फुगवून म्हणालो, "कायमची घालवली!"

तिचा चेहरा पांढरा पडला. ती आत धावली, मी मागोमाग. नळ सोडला तर त्यातून फुस्स अशी हवा आली आणि दोन थेंब पडले. सव्वाअकरा वाजले होते. वॉचमनने पंप नऊ-पन्नासला लावला होता, दिवसातून अर्धा तास येणारं पाणी येऊन गेलंही होतं. त्याने ग्रुपवर मेसेज टाकला होता म्हणे, पण तो नेहमीप्रमाणे सुप्रभातच्या फुलांखाली गाडला गेला होता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या काकू रिकामी बादली घेऊन उभ्या, त्यांच्यामागे मजल्यावरची बाकीची दोन घरं, तीही बादल्यांसकट.

"काय हो भावोजी, आज तुमचं मशीन बोललं नाही ते? बिघडलं का?"

"बिघडलं नाही काकू, सुधारलंय."

"मग आम्ही काय करायचं?"

बिल्डिंगचा पंप आणि माझी सॉकेटं एकाच अर्थिंगवर होती. चार वर्षं वही ठेवून मला जे सापडलं नव्हतं, ते मजल्यावरच्या प्रत्येक बाईला पाठ होतं. घरघर आली की पंप चालू, पिंपं भरून घ्या. बायको आवाज वाढवायची तो समोरच्या दारापर्यंत पोचावा म्हणून.

"आधी ही दिवसभर नळाला हात लावून बघायची," काकू म्हणाल्या. "मग म्हणाली, आमच्या ह्यांनी खास पाण्यासाठी बनवलंय. तोंडाने बोलत नाहीत, पण काळजी आहे त्यांना. पाहुण्यांना पण दाखवते ना डबा!"

मी बायकोकडे बघितलं. ती ओट्यावरचं काहीतरी उगाच सरकवत होती. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. चार वर्षांत मी घरात एक बादली भरली नव्हती, आणि तरी चार घरांत माझं नाव झालं होतं.

केळवणाला पाण्याचे सहा जार मागवले. पंधरा माणसांनी मिनरल वॉटरने हात धुतले आणि व्यवस्था राजेशाही आहे म्हणून कौतुक केलं. संध्याकाळी मी मजल्यावर प्रस्ताव मांडला की टाकीत तरंगता स्विच टाकून रीतसर बझर करून देतो. तो एकमताने फेटाळला गेला. नव्या वस्तू बिघडतात, जुनंच परत लावा. सेक्रेटरी तर लेखी विनंती घेऊन आले.

पुढच्या रविवारी मी डब्याला एक स्विच बसवला. वर केला की बॅलन्स्ड, खाली केला की जुनं. तो खालीच असतो. वर करायचा तर मला तीन घरांना आधी कळवावं लागतं.

त्याच सकाळी, स्विच बसवून झाल्यावर, घरघर आली तेव्हा मीटर हातात घेतलं, पण सोफ्यामागे शिरलो नाही. स्वयंपाकघरात गेलो. पिण्याचं आधी की वापरायचं, कुठलं झाकण कुठल्या पिंपाचं, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. बायकोने हंडा माझ्या हातात दिला आणि नळ सोडला. मग हॉलकडे कान देऊन म्हणाली, "छान वाजतंय हो."

हंडा काठोकाठ भरून सांडायला लागला, तेव्हा तिने ओरडून मला भानावर आणलं.