मागच्या खोलीतला शब्द

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही हसत हसत विचारलंत – आजी, तू कधी भूत पाहिलंस का? नाही पाहिलं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि अंगात येणं, करणी, उतारा यांतलं काहीही मी घरात शिरू दिलं नाही. तरी एक गोष्ट माझ्याकडे आहे. फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमचे आबा वनखात्यात, आमचा मुक्काम अहेरीला. गावाच्या कडेला प्लॉट घेऊन आम्ही घर बांधलं होतं – पुढे हॉल, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक खोली. तेव्हा चिमूरला माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, घरी न्या, पण जपा. आता पडल्या तर पुन्हा उठणार नाहीत.

मी मागची खोली निवडली, कारण बाथरूम तिला लागून होतं. दारांचे उंबरठे काढून टाकले. भिंतीला धरायला पाइप लावला, डाव्या हाताशी घंटी ठेवली, गुळगुळीत फरशीवर पायपुसणी ठेवायची नाहीत असा नियम केला. चंद्रपूरहून दवाखान्यातला जुना लोखंडी पलंग आणला – हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर येणारा, चाकांना ब्रेक असलेला. वेल्डिंगवाल्या रफीकभाईंनी त्याला कठडे बसवून दिले.

"बाई, हा पलंग आहे का ट्रॅक्टर?" ते म्हणाले. "आजीले आता लायसन काढा लागते."

सासूबाई ओठाच्या एका कोपऱ्याने हसल्या. आजारपणातलं ते पहिलं हसू.

पुढे एके दिवशी मी त्यांची पाठ पुसत होते आणि त्या स्पष्ट म्हणाल्या, "ये रे." मी आनंदाने आबांना हाक मारली. ते येऊन जवळ बसले, पण त्यांच्याकडे बघायलाही त्या तयार नव्हत्या. कठड्यावरून खाली फरशीकडे बघत पुन्हा तेच. "ये रे... ये रे..." नंतर ते दिवसभर चालू राहू लागलं.

आबांचा धाकटा भाऊ मधुकर तरुणपणीच वारला होता. शेजारच्या वच्छलाबाई दारातूनच म्हणाल्या, "मधूले बलावून राह्यली बाई ते. आता नाई राहत जास्त दिवस." मी त्यांना चहा दिला आणि असं आजाऱ्यासमोर बोलू नका म्हणून सांगितलं. पण आबांच्या मनाने ते घेतलं. ऑफिसमधून आले की आईचा हात धरून बसायचे.

त्यातच पलंग एका बाजूला कलायला लागला. रफीकभाईंनी चाकाखाली लाकडी पाचर ठोकली. तरी तो पुन्हा कलला. चाक जुनं आहे, दुसरं आणतो म्हणाले. मलाही ते पटलं.

एका रविवारी दुपारी आबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी एकदम मान वर केली.

"ते 'ये रे' नाई म्हणत. येर म्हणते. गोंडीत येर म्हणजे पाणी."

जंगलात काम करून त्यांना थोडी गोंडी समजायची. पण सासूबाईंचा सगळा जन्म चिमूरच्या बाजारपेठेत गेलेला. आमच्याकडे त्या आजारी पडल्यावरच आल्या. आबा स्वतःशीच म्हणाले, "आईले गोंडी कुठी येते?"

मी चमच्याने पाणी पाजायला गेले. त्यांनी ओठ मिटून घेतले, आणि चमचा खाली उतरताच डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. डोळ्यांत पाणी होतं. "येर," त्या म्हणाल्या... अगदी काकुळतीने.

मला काहीच उमजेना. म्हटलं, नवं चाक बसेपर्यंत यांना हॉलमध्ये नेऊ या, जरा माणसांत बरं वाटेल. उंबरठे नव्हतेच; ब्रेक काढून आम्ही दोघांनी पलंग त्यांच्यासकट ढकलत नेला.

संध्याकाळचा चहा गाळत होते आणि मागे धान्याचं पोतं पडावं तसा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर पलंगाच्या जागची फरशी नव्हती. तिथे गोल खड्डा होता, कडेला जुने घडीव दगड. बुजवलेली विहीर. आबांनी टॉर्च मारला. खोल तळाशी कोरडी माती, पाण्याचा थेंब नाही.

ज्यांच्याकडून प्लॉट घेतला त्यांनाही विहिरीची माहिती नव्हती. भराव दबला, वर जड लोखंडी पलंग – फरशी का खचली हे मला समजतं. आबा मात्र सगळ्यांना सांगत, आईने इशारा दिला, म्हणून वाचली. मीही ते खोडून काढलं नाही. आम्ही मुरूम आणून खड्डा भरला, वरून काँक्रीट घातलं, नवी फरशी बसवली.

हॉलमध्ये आल्यापासून सासूबाईंनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. पावसाळा सरता सरता त्यांची जीभ थोडी सुटली. एका सकाळी केस विंचरताना मी विचारलं, "आई, तुम्ही येर येर काऊन म्हणत होत्या?"

त्या अडखळत म्हणाल्या, "मी काऊन म्हनू? खालची बाई म्हने. तुमाले आयकू नाई ये, म्हनून मी तिच्या मागून म्हनो."

माझा कंगवा केसांतच थांबला.

"तिले देल्लं का पानी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

ती कोण, कधीची, आणि बाजारपेठेतल्या म्हातारीच्या तोंडी तिचा शब्द कसा आला, याचं उत्तर मला कोणत्याच पुस्तकात सापडलेलं नाही. त्या सकाळी मी तांब्या भरून मागच्या खोलीत गेले आणि नव्या फरशीवर ओतला. पाणी कुठेच गेलं नाही. तसंच पसरून राहिलं. शेवटी मी ते पुसून घेतलं.