बेदाणा विरघळेपर्यंत गप्प

किस्से कुणी गोळा करत नाही, ते साठतात. तासगावात बेदाण्याच्या शेडमधून घरी आलं की पदराला गोड वास येतो. तो काय आपण मुद्दाम आणलेला असतो? तसंच हे. एसटीत खिडकीला डोकं टेकवून मी डोळे मिटते, द्राक्षबागा मागं मागं जातात आणि रहिमतपूरची पोरं, तासगावची पोरं, कुपवाडच्या पोरी सगळी एकाच वर्गात बसलेली दिसतात. जाग येते तेव्हा एखादा किस्सा मांडीवर येऊन बसलेला असतो!

आमचे संध्याकाळचे मोफत अभ्यासवर्ग आहेत. लोक विचारतात, "आजी, तुम्ही काय शिकवता?" मी म्हणते, "शिकवणाऱ्यांना शिकवते." मला शाळेत कुणी घातलं नाही. जे आलं ते माझं मी मिळवलं. त्यामुळं शिकणारं पोर कुठं अडतं ते मला कळतं, आणि हे मी कुणापुढंही म्हणेन. वर्गात मागं बसायचं, ऐकायचं, नंतर चहा घेताना तोंडावर सांगायचं. हल्ली त्याला फीडबॅक म्हणतात.

यंदा कुपवाडचा वर्ग बंद पडायची पाळी आली होती. कारण तिथली आफ्रीन. पण तिच्याआधी आमचे सर.

*

सर म्हणजे रहिमतपूरचे, रिटायर्ड हेडमास्तर. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस उभी राहावी. मी डोळे मिटूनच ऐकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासानं ते पोरांना म्हणाले, "हळू रे, आजी झोपल्यात."

चहाला बसल्यावर मी विचारलं, "सर, मगापासनं तुमचाच आवाज ऐकतीया. वर्गात पोरं हुती काय?"

सरांनी बशीतला चहा कपात परत ओतला!

*

तासगावचा प्रदीप त्याच्या उलट. द्राक्षबागायतदाराचा पोरगा, इंजिनिअर, स्वभावानं लोणी. पोरानं काहीही केलं की "व्हेरी गुड!" उत्तर बरोबर, व्हेरी गुड. उत्तर चूक, व्हेरी गुड. एकदा एकानं जांभई दिली तरी व्हेरी गुड!

मी म्हणलं, "आरं, काय गुड झालं ते तरी सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी एका पोरानं सात आठे चौसष्ट म्हणून ठोकून दिलं. प्रदीपनं माझ्याकडं बघितलं, घाम पुसला आणि म्हणाला, "चुकलास गड्या. पण लय न घाबरता चुकलास. व्हेरी गुड!"

त्या दिवशी चहा मी पाजला.

*

या सगळ्यांचा रोग एकच. प्रश्न विचारायचा आणि पोरानं तोंड उघडायच्या आत उत्तर आपणच देऊन मोकळं व्हायचं. शांतता कुणाला सोसत नाही. अरे, पोर विचार करत असतं तेव्हा तोंडावर ऊन-सावली हलते, ती बघायची असते! पण बघणार कोण?

मग मी तोडगा काढला. प्रदीपच्या शेडमधले बेदाणे सगळ्यांना वाटले. प्रश्न विचारला की एक बेदाणा जिभेवर ठेवायचा. चावायचा नाही. विरघळेपर्यंत गप्प.

रहिमतपूरला सरांनी गणित घातलं, बेदाणा ठेवला, आणि गप्प झाले ते झालेच. पोरं थोडी चुळबुळली, मग एकमेकांत बोलायला लागली, भांडली, एकानं फळ्यावर जाऊन गणित मांडलं, दुसऱ्यानं ते खोडून बरोबर मांडलं. सरांच्या आवाजाऐवजी बाहेर चिंचेतले पोपट ऐकू येत होते. मला वाटलं, मी खरंच झोपलेय आणि हे स्वप्न आहे.

मी उठून हात जोडले. "सर, आज तुमी खरं शिकवलं!"

सरांनी खुणेनं मला बाजूला बोलावलं. "आजी," ते कसंबसं म्हणाले, "कवळीखाली बेदाणा अडकलाय!"

*

आता आफ्रीन. सांगलीच्या टेलरची लेक, कॉलेजात शिकते. कुपवाडच्या कारखान्यात जाणाऱ्या आया पोरींना पाठवतात त्या फक्त तिच्या भरवशावर. ती गेली तर वर्ग गेला, हे आम्हाला सगळ्यांना माहीत.

तिच्या वर्गात पाचवीतली कोमल. कधी बोलायचीच नाही. आफ्रीन विचारायची आणि जीव तुटून आफ्रीनच सांगायची. मी एकदा म्हणलं, "पोरीच्या ताटातला घास तू खातीस, आन् वर म्हंतीस पोरगी वाळली!"

आफ्रीन रडली. डोळे पुसून म्हणाली, "आजी, माझ्यानं होत नाही. ईदपर्यंत बघते, नाहीतर सोडते."

हे कळल्यावर सर लगेच म्हणाले, "तिच्या जागी मी येतो कुपवाडला." कोमलच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "सर देवमाणूस हायत. पर पोरी न्हाई यायच्या, मागं एकदा आल्ते तवापासनं त्येंच्या आवाजाला भ्येत्यात."

*

पुढच्या खेपेला मी कुपवाडला गेले आणि उतरल्या उतरल्या आफ्रीनच्या तळहातावर बेदाणे ठेवले. "ह्ये जिभेवर ठेव आन् गप्प बस."

ती हसली. "आजी, रोजा आहे."

मी कपाळावर हात मारला. "मग तसंच गप बसावं लागंल की गं!"

"उपाशी बसणं सोपं आहे आजी," ती म्हणाली. "पोरगी तोंडाकडं बघत असताना गप्प बसून दाखवा."

मी बेदाणे कनवटीला लावले.

*

ईदच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. समाजमंदिराच्या फरशीवर तिरपं ऊन लांबलेलं, कारखान्यांची घरघर लांबून येणारी, जणू कुणी तरी झोपेत बोलतंय. मी मागं डोळे मिटून.

आफ्रीननं विचारलं, "कोमल, एक भाकरी तिघांत वाटली, तशीच एक चौघांत वाटली. मोठा वाटा कुठला?"

कोमल गप्प. आफ्रीन गप्प.

बाहेर दुचाक्या सुरू झाल्या, शिफ्ट सुटली, आवाज विरून गेला. ऊन कोमलच्या गुडघ्यावर चढलं. मी डोळे उघडले. आफ्रीनचे ओठ कोरडे पडलेले, दुपट्ट्याचं टोक मुठीत घट्ट. बाकीच्या पोरीही हलेनात.

मला राहवेना. मी तोंड उघडलं.

आफ्रीननं मागं न बघता हात वर केला. "आजी, गप्प!"

मला! आजवर या जिल्ह्यात मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी गप्प बसले.

कोमलनं मान वर केली. आफ्रीनकडं नीट निरखून बघितलं, आणि फार हळू, फार मायेनं विचारलं,

"मॅडम, तुमाला येत न्हाई व्हय?"

आफ्रीनचे डोळे भरून आले. "न्हाई गं. तू शिकवशील?"

कोमल उठली. खडू घेतला, फळ्यावर दोन गोल काढले, आणि मागं वळून बोट रोखलं.

"शिकवती. पर रोज यायचं. मधीच सोडून जायचं न्हाई!"