चौकातले पाटोळे

रविवारी सकाळी मी घरी शेंगा सोलत बसलो होतो आणि मार्थावहिनींचा फोन आला. त्या रविवारी सकाळी कधी फोन करत नसत. ती त्यांची चर्चला जायची वेळ. ‘‘भाऊजी, हे गेले,’’ एवढंच म्हणाल्या. चर्चला निघायचं म्हणून पाटोळे बूट घालायला खुर्चीवर बसले, एक बूट घातला, दुसरा हातातच राहिला. मी काय बोललो ते मला आठवत नाही.  फोन ठेवला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागलो. बराच वेळ सोलत होतो... मग उठून कपडे केले आणि नाना पेठेत त्यांच्या घरी गेलो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना प्रश्न पडतो की शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान चालवणारा मी, दामले, आणि रस्त्यावर उभं राहून येशूची सुवार्ता सांगणारे पाटोळे, यांचं जमलं कसं. मलाही तो प्रश्न अधूनमधून पडायचा. पाटोळे एका शाळेत पीटीचे शिक्षक होते. मैदानावर पोरांना ओरडून ओरडून घडलेला आवाज, त्याला माइकची कधी गरज पडली नाही. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी सकाळी ते आणि मार्थावहिनी आमच्या चौकात यायचे. आधी वहिनी एखादं भजन म्हणायच्या, पाटोळे खंजिरी वाजवायचे, मग पाचदहा मिनिटं ते बोलायचे, पत्रकं वाटायचे आणि पुढच्या चौकात जायचे. पहिल्याच शनिवारी ते नेमके माझ्या दुकानाच्या पायरीसमोर उभे राहिले. मी बाहेर आलो आणि म्हणालो, ‘‘अहो, हा रस्ता आहे. इथे देऊळ नाही आणि चर्चही नाही.’’

‘‘म्हणून तर इथे आलो,’’ पाटोळे म्हणाले. ‘‘तिथे आधीच माणसं आहेत.’’

‘‘माझं गिऱ्हाईक अडतंय.’’

‘‘मग आम्ही डावीकडे सरकतो.’’ आणि खरंच सरकले. जाताना माझ्या हातात एक पत्रक ठेवून गेले. मी ते वाचलं. माझा देवाशी संबंध सणावारापुरता, पण ऱ्हस्व-दीर्घाशी जन्माचा. त्या पत्रकात इतक्या चुका होत्या की मला राहवेना. लाल पेनानं सगळ्या दुरुस्त केल्या आणि पुढच्या शनिवारी पत्रक त्यांना परत दिलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. पाटोळ्यांनी शांतपणे शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘‘पुढचं छापायच्या आधी तुम्हाला आणून दाखवलं तर चालेल का?’’ तेव्हापासून त्यांचं प्रत्येक पत्रक माझ्या नजरेखालून गेलं. मजकुराशी मी सहमत नसायचो, तसं स्पष्ट सांगायचो आणि वेलांट्या दुरुस्त करून द्यायचो. ते चर्चमध्ये लोकांना सांगायचे, ‘‘मजकूर प्रभूचा, वेलांट्या दामल्यांच्या.’’

माझी बायको गेली तेव्हा ते दोघं आले. मला जरा धास्ती होती की आता हे काहीतरी सांगत बसतील, आत्मा, स्वर्ग वगैरे. पण पाटोळे माझ्या शेजारी नुसते बसून राहिले. मार्थावहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि आलेल्या माणसांसाठी चहा करत राहिल्या. संध्याकाळी सगळे पांगले तरी ते दोघं होते. निघताना पाटोळे दारात थांबले आणि म्हणाले, ‘‘उद्या येऊ?’’ मी हो म्हणालो. असे ते कितीतरी दिवस येत राहिले आणि त्या दिवसांत त्यांनी धर्माचा एक शब्दही काढला नाही.

त्यांचा शनिवार-रविवार ठरलेला होता. शनिवारी सकाळी रस्ता, संध्याकाळी कोथरूडहून मुलगी ग्रेस आणि नात जेवायला, रविवारी सकाळी चर्च. महिन्यातून एका रविवारी उपासना उरकून ते मुळशीच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीवर जात. तिथे दोनचार घरं ख्रिस्ती. पण औषधं, वह्या, जुने कपडे न्यायचे ते अख्ख्या वाडीसाठी. त्याला ते ‘मिशन’ म्हणत. ‘‘एकदा चला, तिथल्या म्हाताऱ्यांचे डोळे तपासा,’’ असं मला कधीपासून म्हणत होते आणि मी दुकानाचं कारण सांगून टाळत होतो.

मग तो शनिवार आला... चौकात वहिनींचं भजन चालू होतं. मी काउंटरमागे होतो. अचानक आवाज चढले म्हणून बाहेर पाहिलं तर चारपाच तरुण मुलं त्या दोघांभोवती उभी होती. एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. ‘‘काका, कुणाला बाटवताय?’’ ‘‘किती लोकांना फसवलंत?’’ पाटोळे उत्तर द्यायचा प्रयत्न करत होते, पण ऐकायचं कुणालाच नव्हतं. एकानं पत्रकांचा गठ्ठा हिसकावून रस्त्यावर उधळला. कुणाचा तरी धक्का लागला आणि पाटोळ्यांचा चष्मा खाली पडला, त्यावर पाय पडला. मार्थावहिनींचं भजन थांबलं नव्हतं. आवाज थरथरत होता, डोळे मिटलेले होते, पण त्या गात होत्या.

मी पायऱ्या उतरून मध्ये जाऊन उभा राहिलो. भांडणाची सवय मला नाही.  खाली पडलेलं एक पत्रक उचललं आणि म्हणालो, ‘‘हे मी तपासलेलं आहे. शुद्धलेखनाची चूक सापडली असेल तर माझ्याशी बोला.’’

मुलं गोंधळली. शूटिंग करणारा म्हणाला, ‘‘काका, तुम्ही कोण?’’

‘‘मी दामले. तुझ्या वडिलांचा चष्मा मी करतो. त्यांना सांग, डोळे तपासून वर्ष उलटलं.’’

तो मुलगा खाली बघायला लागला. बाकीचे थोडा वेळ रेंगाळले, मग गाड्यांना किका मारून गेले. जाताना एक जण म्हणाला, ‘‘पुढच्या शनिवारी इथे दिसायचं नाही.’’ मी पाटोळ्यांना दुकानात आणून बसवलं. त्यांचा हात थोडा खरचटला होता. पोलिसांकडे जाऊ या का, मी विचारलं. ते नको म्हणाले. फुटक्या काचांकडे बघत म्हणाले, ‘‘दामले, नवा चष्मा कधी मिळेल?’’ त्यांचा नंबर मोठा होता, काचा करून यायच्या होत्या. मंगळवार म्हणालो.

रिक्षा करून मी त्यांना घरी पोहोचवलं आणि वहिनींनी रात्री जेवल्याशिवाय सोडलं नाही. संध्याकाळी ग्रेस आली ती पांढऱ्याफटक चेहऱ्यानंच. तो व्हिडिओ तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत फिरत पोचला होता. तिनं मला नमस्कार केला आणि वडिलांपुढे जाऊन उभी राहिली. ‘‘बाबा, इनफ. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघतायत. उद्या तुम्हाला कुणी काही केलं तर? चर्चमध्ये करा ना जे करायचं ते. रस्त्यावर कशाला?’’

 चष्म्याशिवाय पाटोळ्यांचा चेहरा इतका वेळ मी पहिल्यांदाच पाहत होतो. थकलेला, म्हातारा वाटला. ग्रेस म्हणाली, ‘‘प्रॉमिस करा.’’

‘‘मला भीती वाटली,’’ ते म्हणाले. एवढंच. त्यात आव नव्हता, तक्रार नव्हती.  मार्थावहिनी ताटं घेत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मलापण वाटली. आता जेवून घ्या. उद्या वाडीवर जायचंय.’’

‘‘कसं जाणार?’’ ग्रेसनं विचारलं. ‘‘बाबांना दिसत नाहीये. गाडी कोण चालवणार?’’  वहिनींनी तिच्या ताटात मटणाचा रस्सा वाढला. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि चिडून म्हणाली, ‘‘ठीक आहे. मी येते. पण ड्रायव्हर म्हणून.’’ मी म्हणालो, मीही येतो, डोळे तपासायला. माझ्या तोंडून हे कसं निघालं कुणास ठाऊक.

रविवारी त्यांची उपासना सुटल्यावर आम्ही चौघं निघालो.  वाडीत पोहोचलो तर बाया-माणसं ओसरीवर वाट बघत होती. मी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि कामाला लागलो. वाचता न येणाऱ्यांना मी नुसती चिन्हं ओळखायला लावत होतो. एका आजीबाईंना चाचणीच्या काचा लावल्या तर त्या तक्त्याकडे बघायचं सोडून स्वतःचे हात उलटसुलट करून बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘लई म्हातारी झाले की मी.’’ सगळे हसले, त्याही हसल्या.

अंगणात पाटोळ्यांची प्रार्थना सुरू झाली. वहिनींनी भजन म्हटलं. मग वाचनाची वेळ आली. पाटोळ्यांनी शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. अक्षर लागेना. पाठ असलेलं म्हणू शकले असते, पण ते थांबले. लोक वाट बघत होते... ग्रेस गाडीला टेकून उभी होती. पाटोळ्यांनी तिला हाक मारली नाही, तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तीच पुढे आली, त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि विचारलं, ‘‘कुठून?’’ त्यांनी सांगितलं. ती वाचायला लागली. मी काच बदलता बदलता थांबलो. हुबेहूब पाटोळ्यांचा आवाज, फक्त मुलीचा. अंगण ओलांडून पार पलीकडच्या घरापर्यंत जाणारा. पाटोळे मान खाली घालून ऐकत होते. वाचून झालं तरी ते मान वर करेनात, तेव्हा मार्थावहिनींनीच शेवटची प्रार्थना केली.

परतताना घाट उतरून गाडी सपाटीला लागली. मग ग्रेसनं समोर बघतच विचारलं, ‘‘बाबा, शनिवारी किती वाजता असतं तुमचं?’’

‘‘तू कशाला?’’

‘‘कशाला म्हणजे काय. वेळ सांगा.’’

त्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं. शनिवारी दुकान लवकर उघडलं, उगाचच काउंटर पुसत राहिलो. ठरल्या वेळेला ते आले. पाटोळ्यांच्या डोळ्यांवर नवा चष्मा, शेजारी वहिनी आणि दोघांच्या मध्ये ग्रेस. मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. समोरच्या कोपऱ्यावर एक मोटरसायकल थांबली होती, तोच शूटिंगवाला मुलगा. वहिनींनी सूर लावला, ग्रेसनं तो उचलला. मुलगा भजन संपेपर्यंत थांबला आणि निघून गेला. पुढे काही महिन्यांनी तो वडिलांना घेऊन दुकानात आला. मी त्यांचे डोळे तपासले, नवा नंबर लिहून दिला. पाटोळ्यांचं काम पुढे कितीतरी वर्षं चालू राहिलं. कुणी ऐकायचं, बरेच ऐकायचे नाहीत, कुणी पत्रक घेऊन पुढच्या कचराकुंडीत टाकायचं. पाटोळ्यांना त्याचं काही वाटत नसे.

आमची शेवटची भेट त्यांच्या शेवटच्या शनिवारची. काम झाल्यावर पाणी प्यायला आत आले आणि म्हणाले, ‘‘दामले, मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो.’’

‘‘काही उपयोग झालेला दिसत नाही,’’ मी म्हणालो.

‘‘दिसत नसेल तर नंबर तपासून घ्या.’’ हसत पायऱ्या उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

दफनाच्या वेळी मीही मूठभर माती दिली. ग्रेसनं वाचन केलं, तिचा आवाज कुठेही तुटला नाही. मार्थावहिनी आता कोथरूडला तिच्याकडे असतात. वाडीवर दोघी जातात, पण चौकात येत नाहीत. ‘‘रस्ता यांचा होता, भाऊजी,’’ वहिनी परवा म्हणाल्या. ‘‘मी नुसती सोबत होते. आता गळा उघडतच नाही.’’

माझ्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो. शनिवारी सकाळी त्यांची यायची वेळ झाली की मी तो बंद करायचो, भजनात लुडबुड नको म्हणून. ते पुढच्या चौकात गेले की पुन्हा लावायचो. आताही शनिवारी त्या वेळेला हात आपोआप बटणाकडे जातो. मग बाहेर गाड्यांचे हॉर्न, भाजीवाल्याची हाक, समोरच्या शटरचा खडखडाट, सगळं ऐकू येत राहतं. गेल्या शनिवारी एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं विचारलं, ‘‘काय दामले, रेडिओ बिघडला का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘थोड्या वेळानं लावतो.’’