सरकत्या दारातली हाक

आजी दरवाजा अडवून उभ्या होत्या. पाठीमागे त्यांची सून, माय नावाची, तीन दिवसांच्या लेकीला छातीशी धरून रडत होती. मिडवाइफच्या हातातला फोन अजून चालूच होता. पलीकडून हॉस्पिटलचा निरोप एकच: बाळाला लगेच आणा.

मी नेदरलँड्समधल्या वाखनिंगनमध्ये क्रामझोर्गचं काम करते. म्हणजे बाळंतिणीच्या घरी जाऊन पहिला आठवडा आई आणि बाळ दोघांकडे बघायचं. पुण्याहून आले ती डिपेंडंट व्हिसावर. डच शिकून या कामात शिरले.

माय इथल्या युनिव्हर्सिटीत भाताच्या रोपांवर रिसर्च करते. ती ह्मोंग आहे. लाओसच्या डोंगरांतले हे लोक. तिथल्या युद्धानंतर तिचं कुटुंब फ्रान्सला आलं. बाळंतपणासाठी सासूबाई तिकडून आल्या होत्या. घरात गार पाण्याला बंदी, जेवायला गरम भात आणि पाल्याचा कोंबडी-रस्सा. मला ते सगळं ओळखीचंच वाटलं. माझ्या आईनेही मला सव्वा महिना गार पाण्याला शिवू दिलं नव्हतं.

पण त्या सकाळी बाळ पायांपर्यंत पिवळं दिसलं. दूध ओढेना, डोळे उघडेना. मी मिडवाइफला, मारायकेला, बोलावलं. तिने टाचेतून रक्त घेतलं. कावीळ बरीच वाढली होती.

"आज दुपारी आत्म्याला हाक मारायचा विधी आहे," मायने सासूबाईंचं बोलणं डचमध्ये सांगितलं. "तो होईपर्यंत आत्मा शरीरात रुजत नाही. बाळाला बाहेर नेलं तर तो मागेच राहील."

"आणि थांबलो तर मेंदूला इजा होऊ शकते," मारायके म्हणाली. आवाज चढवला नाही. "आजींना विचार, बाळाला न्यायचंच असेल तर काय करावं लागेल?"

मायने ते आजींना सांगितलं. मग त्यांनी फ्रान्सला मोठ्या दिरांना फोन लावला. विधी जाणणारे तेच. बोलणं थोडकंच झालं. फोन ठेवला तेव्हा आजींचे डोळे भरले होते.

"काका आजींना म्हणाले, मेकाँग नदी ओलांडून आलो तेव्हा तुझ्या नवऱ्यासाठी मी नदीकाठीच हाक मारली होती," मायने मला सांगितलं. "तेव्हा कुठे घर होतं? आत्मा दाराला नाही, हाकेला येतो."

आजींनी वाटीत तांदूळ घेतले, वर अंडं ठेवलं आणि स्वतःच आधी गाडीत जाऊन बसल्या.

हॉस्पिटलमध्ये माय आणि मारायके बाळाला घेऊन थेट वॉर्डात गेल्या. आजी मेन एन्ट्रन्सला थांबल्या, बाहेर तोंड करून; मी त्यांच्याजवळ. बरोबर आणलेली उदबत्ती, हॉस्पिटलात धूर नको म्हणून, त्यांनी पेटवलीच नाही. नुसती वाटी उंच धरून हाक मारू लागल्या. सरकतं दार सारखं उघडत होतं, मिटत होतं.

रिसेप्शनवरचा माणूस उठून आला. "कुणाची वाट बघताय?"

"नातीच्या आत्म्याची," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

त्याने दाराकडे पाहिलं. "मग हे उघडंच ठेवतो." बटण दाबलं, जॅकेट चढवलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. आत गार वारा भरला. आजींचं पूर्ण होईपर्यंत कुणी तक्रार केली नाही.

वर बाळ निळ्या लाइटखाली होतं. या उजेडाने कावीळ उतरते. आत्मा शरीराशी बांधलेला राहावा म्हणून आजींनी त्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. नर्सने सेन्सर मनगटाऐवजी पायाला लावला आणि आजींचा हात काचेच्या पेटीत घालून गादी गरम आहे हे दाखवलं.

दोन दिवसांनी बाळ घरी आलं. आता दूध पिताना ते माझं बोट धरून ओढायचं.

हल्ली नव्या मुली माझ्याबरोबर ट्रेनिंगला येतात. कल्चरबद्दल काय वाचावं, विचारतात. मी सांगते, वाचा हवं ते. पण घरच्यांनी "नाही" म्हटलं, की "का" विचारण्यात वेळ घालवू नका. "मग कसं जमेल?" विचारा. उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतं.